‘वॉरियर’ची शेवटची लढत समजून घेताना

‘वॉरियर’ हा २०११चा अमेरिकन चित्रपट आपल्याकडे बऱ्याच जणांनी उलट्या क्रमाने पाहिला. आधी अक्षय कुमारचा ‘ब्रदर्स’, मग ‘मूळ काय आहे ते तरी बघू’ म्हणून हा. पाहून उठल्यावर डोळे ओले असतात, पण शेवटच्या लढतीत नेमकं काय घडलं हे विचारलं तर उत्तर जरा गोलमोल येतं. दोघे भाऊ जमिनीवर पडलेत, एक दुसऱ्याच्या पाठीला चिकटलाय, कुणी कुणाला धड मारतही नाही, आणि एकदम सामना संपतो. का संपला?

हा लेख त्या ‘का’साठी आहे. दिग्दर्शक गॅव्हिन ओकॉनरने भावाभावांमधला सगळा हिशेब त्या डावांमध्येच मिटवलाय. डाव कळले नाहीत तरी चित्रपट आवडतो, पण कळले की दुसऱ्यांदा पाहताना वेगळाच दिसतो. पुढे शेवट उघड केलेला आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं.

गोष्ट थोडक्यात अशी. पिट्सबर्गमधला पॅडी कॉनलन (निक नोल्टी) हा एकेकाळचा अट्टल दारुडा, घरच्यांना छळणारा, आणि तितकाच कसलेला कुस्ती प्रशिक्षक. धाकट्या टॉमीला (टॉम हार्डी) त्याने शाळकरी वयात कुस्तीत तयार केलं. मग एक दिवस आई टॉमीला घेऊन घर सोडून गेली. थोरला ब्रेंडन (जोएल एजर्टन) मागे राहिला, कारण त्याचा जीव टेस नावाच्या मुलीत गुंतला होता. दूर गावी आई आजारी पडली आणि गेली; उशाशी होता फक्त टॉमी. चित्रपट सुरू होतो तेव्हा टॉमी मरीन सैनिक म्हणून इराकला जाऊन परत आलाय आणि वडलांचं आडनाव टाकून आईचं लावतो. ब्रेंडन फिलाडेल्फियात शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. मुलीच्या हृदयाच्या ऑपरेशनने कंबरडं मोडलंय आणि बँक घर जप्त करायच्या बेतात आहे. दोघांनाही पैसा हवा असतो, टॉमीला तो युद्धात मेलेल्या मित्राच्या बायकोसाठी. आणि दोघंही एकमेकांना न सांगता ‘स्पार्टा’ नावाच्या एकाच स्पर्धेत उतरतात. सोळा लढवय्ये, एक विजेता, ५० लाख डॉलर.

कथानक म्हणून पाहिलं तर यात नवीन काही नाही. बिछडलेले भाऊ, दारुडा बाप, कर्ज: आपल्या सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांनी हे सगळं वापरून झालंय. फरक पडतो तो हे भाऊ ज्या खेळात भिडतात त्या खेळामुळे.

हा खेळ आहे तरी काय

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. ठोसे, लाथा, गुडघे, कुस्तीची पटकापटकी, आणि खाली पडल्यावर सांधे पिळणं किंवा गळा आवळणं, हे सगळं एकाच सामन्यात चालतं. आजच्या रूपातल्या या खेळाची सुरुवात साधारणपणे १२ नोव्हेंबर १९९३ ही धरतात. त्या रात्री अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसीची (अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची) पहिली स्पर्धा झाली. प्रश्न सोपा होता: बॉक्सर, कराटेवाला, सुमो पैलवान, किकबॉक्सर यांना एकत्र सोडलं तर टिकतो कोण? जिंकला रॉइस ग्रेसी नावाचा ब्राझीलचा एक शिडशिडीत तरुण. वजन जेमतेम ८० किलो. त्याने एका रात्रीत तीन जणांना हरवलं, आणि तेही फारसे ठोसे न मारता. तो समोरच्याला मिठी मारायचा, खाली न्यायचा, आणि थोड्या वेळाने समोरचा गडी हाताने थोपटून ‘बस, पुरे’ म्हणायचा. त्यातला एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला होता. रॉइस छातीवर येऊन बसला आणि कुठलाही डाव पुरा व्हायच्या आत त्याने हार मानली. आता इथून आपलं काही सुटत नाही, एवढं त्याला कळलं होतं.

रॉइसच्या घराण्याची विद्या म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू. जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राझीलमध्ये स्थायिक झाला; त्याच्याकडून ती ग्रेसी कुटुंबात आली आणि त्यांनी तिला जमिनीवरच्या लढाईकडे वळवलं.

सुरुवातीला या खेळाला नियम जवळपास नव्हते. सिनेटर जॉन मॅकेन यांनी त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि बऱ्याच राज्यांनी बंदी घातली. मग नियम आले, वजनगट आले, पाच-पाच मिनिटांचे राउंड आले. न्यू जर्सी राज्याने या कामात पुढाकार घेतला, आणि नोव्हेंबर २०००मध्ये या नव्या नियमांखालची यूएफसीची पहिली स्पर्धा तिथल्या अटलांटिक सिटीत झाली. चित्रपटातली ‘स्पार्टा’ही अटलांटिक सिटीतच होते. जुगाराचे अड्डे, समुद्रकिनारा आणि जाळीच्या पिंजऱ्यातली लढत, हे त्या गावात खरोखरच एकत्र नांदतं.

पाठ टेकली म्हणजे हरला नव्हे

आपण कुस्ती बघत वाढलेली माणसं इथेच फसतो. आपल्या डोक्यात पक्कं बसलंय: पाठ मातीला लागली, चितपट झाला, हलगी वाजली, संपलं. पैलवानाची सगळी मेहनत आपली पाठ वाचवण्यासाठी असते. त्यामुळे ब्रेंडन खाली उताणा पडलेला आणि कोणीतरी त्याच्यावर बसून बुकलतोय असं दिसलं, की आपण त्याला हरलेला धरतो.

एमएमएमध्ये पाठ टेकण्याला गुणांपलीकडे किंमत नाही. सामना संपायचे मार्ग वेगळे. गडी बेशुद्ध पडला तर, तो स्वतःला वाचवू शकत नाही म्हणून रेफरीने थांबवलं तर, वेळ संपून परीक्षकांनी निकाल दिला तर, किंवा त्याने हार मानली तर. हार मानायची खूण म्हणजे टॅप. हाताने समोरच्याच्या अंगावर किंवा जमिनीवर दोन-तीनदा थोपटायचं. हात अडकले असतील तर पायाने किंवा तोंडाने सांगायचं. टॅप दिसला की रेफरी मधे पडतो आणि पकड तत्काळ सोडावी लागते.

जिउ-जित्सूवाला तर उताणा पडून लढायलाच शिकलेला असतो. पाठ जमिनीला, पाय समोरच्याच्या कमरेभोवती आवळलेले, ही त्याची लढायची जागा. याला गार्ड म्हणतात. वरच्याला वाटतं आपण कब्जा घेतलाय. खालचा त्याच्या एका हाताची, एका चुकलेल्या तोलाची वाट बघत असतो. कुस्तीतला गडी गार्डमध्ये पडला की घाबरतो आणि जिउ-जित्सूतला शांत होतो, असं ढोबळमानाने म्हणता येईल.

आता दोघा भावांकडे बघा. टॉमी म्हणजे कुस्ती आणि ठोसे. तो येतो, काही सेकंदांत समोरच्याला झोपवतो आणि निकाल जाहीर व्हायची वाट न बघता पिंजऱ्यातून निघून जातो. सुरुवातीला त्याच्या प्रवेशाला संगीत नाही, अंगावर जाहिराती नाहीत. त्याला कोणाशी बोलायचंच नाही, मग लढत तरी कशाला लांबवेल? ब्रेंडनचं नेमकं उलट. तो प्रत्येक सामन्यात आधी मार खातो. नाक फुटतं, भुवई फाटते, समालोचक त्याला मोडीत काढतात, आणि मग कुठूनतरी एखादा हात किंवा पाय त्याच्या तावडीत सापडतो. रशियाच्या अजिंक्य कोबाला तो असाच, पायाचा लॉक (सांधा पिळणारी पकड) लावून हरवतो. कोबाच्या भूमिकेतला कर्ट अँगल १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचा फ्रीस्टाइल कुस्तीतला सुवर्णपदक विजेता आहे, त्यामुळे तो ब्रेंडनला उचलून आपटतो तेव्हा त्यात नाटक किती, असा प्रश्न पडतोच.

दोघांच्या लढायच्या पद्धतीतच दोघांचं आयुष्य आहे. एकाला सगळं पटकन संपवून बाहेर पडायचंय. दुसरा बायको, मुली, कर्ज, नोकरी असं सगळं अंगावर घेऊन टिकून राहिलाय. पटकथेत हे कुणी बोलून दाखवत नाही, आणि ते बरंच आहे.

खांदा

अंतिम सामना. पहिल्या राउंडमध्ये टॉमी थोरल्या भावाला अक्षरशः बडवतो. राउंड संपल्याची घंटा झाल्यावरही त्याचा हात थांबत नाही. मग मधल्या एका राउंडमध्ये ब्रेंडन त्याला खाली आणतो आणि ओमोप्लाटा लावतो.

हा डाव पडद्यावर पटकन कळत नाही, म्हणून जरा सावकाश बघू. समोरच्याचा एक हात तुमच्या दोन्ही पायांमध्ये सापडलाय. तुम्ही कूस बदलता, तुमचा पाय त्याच्या खांद्यावरून जातो, आणि त्याचा कोपरात वाकलेला हात त्याच्याच पाठीमागे जाऊन तुमच्या मांड्यांत अडकतो. तो तोंडावर पालथा पडतो. तुम्ही त्याच्या शेजारी उठून बसता, एक हात त्याच्या कमरेवरून टाकता म्हणजे त्याला कोलांटी मारून सुटता येणार नाही. आता तुम्ही फक्त पुढे वाकायचं. तुम्ही जसे वाकाल तसा त्याचा हात पाठीवरून डोक्याच्या दिशेने ढकलला जातो. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ खोबणीत बसलेला गोळा. त्या दिशेला तो ठरावीक मर्यादेपर्यंतच फिरतो. त्यापुढे एक तर माणूस टॅप करतो, नाही तर गोळा खोबणीतून सुटतो. तुमच्या पायांची आणि अख्ख्या धडाची ताकद त्याच्या एका खांद्याविरुद्ध लागलेली असते, त्यामुळे तो कितीही दणकट असला तरी फरक पडत नाही. भौतिकशास्त्राच्या मास्तरला शोभेल असा डाव आहे.

टॉमी टॅप करत नाही. खांदा निखळल्याचा आवाज येतो.

खऱ्या जगात असं होतं का? होतं, आणि त्यातले दोन प्रसंग इथे सांगायलाच हवेत. १९५१मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर जपानचा जुदोपटू मासाहिको किमुरा आणि रॉइसचे वडील एलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने एलिओचा हात असाच पाठीमागे पिळला, फक्त पायांऐवजी हातांनी. हाड मोडलं तरी एलिओने टॅप केला नाही. शेवटी त्याच्या भावाने टॉवेल टाकून लढत थांबवली. ग्रेसींनी त्या डावाला जिंकणाऱ्याचंच नाव दिलं, किमुरा.

दुसरा प्रसंग आपल्या जास्त जवळचा. डिसेंबर १९७६, कराची. गामा पैलवानाचा पुतण्या आणि प्रसिद्ध भोलू बंधूंपैकी एक, अक्रम पैलवान, जपानच्या अँटोनियो इनोकीसमोर उभा होता. त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अलीशी झुंजलेला हाच तो इनोकी. अक्रम आपल्याच मातीतला, चितपटच्या जगातला गडी. इनोकीने त्याचा हात तशाच प्रकारे पिळला. अक्रमने हार मानायला नकार दिला आणि हात निकामी झाला, लढत थांबवावी लागली. ज्या घराण्यात पाठ लागू देणं हीच मोठी नामुष्की, त्यातला माणूस हाताने थोपटून ‘पुरे’ कसा म्हणेल? हाड मोडणं त्याला सोपं वाटलं असेल.

टॉमीही तसाच. बापाशी, भावाशी, सैन्याशी, कोणाशीच त्याने काहीही कबूल केलेलं नाही. त्याच्या तुकडीतले साथीदार आपल्याच विमानांच्या माऱ्यात मेले, तो तिथून निघून गेला, आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. अशा माणसाकडून ‘पुरे’ वदवायचं कसं, हा चित्रपटापुढचा खरा प्रश्न आहे. म्हणूनच हा खेळ इथे चपखल बसतो. बॉक्सिंगमध्ये गडी खाली पडला की दहा अंक मोजतात. तो शुद्धीत नसताना, त्याच्या मर्जीविना हरू शकतो. टॅपमध्ये मात्र हरणाऱ्याला स्वतः, शुद्धीत असताना ठरवावं लागतं.

गळा

खांदा निखळल्यानंतरची लढत बघणं अवघड आहे. टॉमी एका हाताने ठोसे मारत राहतो, दुसरा हात पोटाशी लोंबतोय. ब्रेंडन त्याला मारायचं टाळतो, थांब म्हणून सांगतो, आपल्या कोपऱ्यात जाऊन कोचकडे बघतो. कोच काय सांगणार? सामना सुरू आहे.

शेवटी ब्रेंडन लाथेने त्याला पाडतो, पाठीमागून पकडतो आणि चोक लावतो. इंग्रजीत त्याला रिअर नेकेड चोक म्हणतात, जुदोत हादाका-जिमे. हाताचा कोपर हनुवटीच्या बरोबर खाली येतो. गळ्याच्या एका बाजूला दंड, दुसऱ्या बाजूला मनगटाकडचा भाग. त्या हाताचा पंजा दुसऱ्या हाताच्या दंडावर ठेवायचा, दुसरा पंजा समोरच्याच्या डोक्यामागे, आणि छाती फुगवून आवळायचं. पाय त्याच्या कमरेभोवती असतात, म्हणजे तो निसटत नाही.

बहुतेकांना वाटतं की यात श्वास कोंडतो. नीट लागलेल्या चोकमध्ये श्वासनलिका कोपराच्या बेचक्यात मोकळी असते. दाबल्या जातात त्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूला रक्त पोचवणाऱ्या रक्तवाहिन्या. साधारण ८ ते १० सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो. लॉकमध्ये काहीतरी मोडतं. इथे वेळेवर सोडलं तर माणूस थोड्याच वेळात उठून बसतो. (हे वाचून घरी कुणावर करून बघायचं नाही. जिथे शिकवणारा समोर आहे अशा जागीच.)

ब्रेंडनपुढे त्या क्षणी दोन वाटा होत्या. ठोसे मारत राहायचं आणि निखळलेल्या हाताच्या भावाला चिरडायचं, किंवा ज्यात कमीत कमी इजा होते असा डाव लावायचा. तो दुसरी वाट धरतो, आणि त्या पकडीचा एक आनुषंगिक परिणाम असा, की त्याचं तोंड भावाच्या कानाशी येतं. इतकी वर्षं जे बोलता आलं नाही ते तो तिथे बोलतो. माफ कर, आणि माझं तुझ्यावर प्रेम आहे. टॉमीचा शाबूत हात वर येतो. क्षणभर काहीच होत नाही. मग तो थोपटतो.

ज्याला खांदा निखळल्यावरही टॅप करायचा नव्हता तो इथे करतो. डोळे मिटून आठ-दहा सेकंद काढले असते तर तो बेशुद्ध पडून हरला असता, आणि ‘मी हार मानली नाही’ असं आयुष्यभर म्हणू शकला असता. हे एवढं माहीत असलं की त्या थोपटण्याचं वजन कळतं.

आदल्या रात्रीचा एक प्रसंगही याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. जवळजवळ हजार दिवस दारूला न शिवलेला पॅडी टॉमीच्या जिव्हारी लागलेल्या बोलण्यानंतर पुन्हा पितो. हॉटेलच्या खोलीत, कानात ‘मोबी डिक’ची ध्वनिफीत, आणि तो कादंबरीतल्या कप्तानावर ओरडतोय की जहाज थांबव. टॉमी त्याला धरतो, पलंगावर नेतो आणि त्याचं डोकं छातीशी घेऊन गप्प बसून राहतो. दुसऱ्या दिवशी ब्रेंडनने टॉमीला धरलेलं असतं. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केलं की कसं, कोण जाणे. मला मात्र दुसऱ्यांदा पाहताना ते दिसलं आणि नंतर ते न दिसणं अशक्य झालं. नोल्टीला या भूमिकेसाठी ऑस्करचं सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं, ते मुख्यतः या खोलीसाठी असावं.

खरं किती, खोटं किती

पडद्यावरचा ठोसा खोटा पाडणं सोपं असतं. कॅमेरा योग्य जागी ठेवला की चेहऱ्यापासून वीतभर लांबून गेलेला हातही लागल्यासारखा दिसतो. उरलेलं काम आवाज करतो. आपला ‘ढिशूम’ याच जागेतून जन्मला. पकडीत ही सोय नाही. ओमोप्लाटा दाखवायचा तर नटाचा हात खरोखरच दुसऱ्याच्या पायांत अडकवावा लागतो. खोटा असतो तो फक्त शेवटचा दाब. म्हणजे दोन्ही नटांना डाव यायला हवा, आणि कुठे थांबायचं हेही. आपटी तर आपटीच असते.

म्हणून हार्डी आणि एजर्टन यांना चित्रीकरणाआधी दीर्घ तालीम घ्यावी लागली. लढती बसवल्या जे. जे. पेरी यांनी. आसपासचे बरेच स्पर्धक खरे लढवय्ये आहेत: नेट मार्क्वार्ट, अँथनी जॉन्सन, आणि ‘मॅड डॉग’ झालेला एरिक अ‍ॅपल. ब्रेंडनचा कोच, जो सरावाला बीथोवन लावतो आणि शिष्याला शांत राहायला शिकवतो, तो ग्रेग जॅक्सन या नामवंत प्रशिक्षकावरून घेतलेला. चित्रीकरणात एजर्टनच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. इतकी खरी माणसं एका पिंजऱ्यात असली की असं काहीतरी होणारच.

मासानोबू ताकायानागी यांचा कॅमेराही बराच वेळ पिंजऱ्याबाहेर असतो, जाळीतून, प्रेक्षकांच्या डोक्यांमधून बघतो. टीव्हीवर सामना बघताना जशी अर्धवट दिसणारी चित्रं असतात तशी. जमिनीवरच्या लढतीची मोठी अडचण म्हणजे ती अजाण डोळ्याला नुसता गुंता वाटते. यावर चित्रपटाने दोन समालोचक दिलेत. गावच्या जत्रेत कुस्ती मैदानावर निवेदक जसा ‘बघा, एकेरी पट काढला, आता घिस्सा बसतोय’ असं सांगत लांब बसलेल्यांनाही कुस्ती दाखवतो, तसेच हे दोघं कुठला हात कुठे अडकलाय ते सांगत राहतात. कथेच्या दृष्टीने ते कधीकधी जास्तच बोलतात, मान्य. पण त्यांच्याशिवाय निम्मं प्रेक्षागृह हरवलं असतं.

आता सूट घेतलेल्या जागा. एकाच स्पर्धेत दोन दिवसांत इतक्या लढती आजच्या नियमांत होऊच शकत नाहीत. मार लागलेल्या स्पर्धकाला डॉक्टर सक्तीची विश्रांती देतात, काही वेळा महिन्यांची. १९९३च्या त्या पहिल्या स्पर्धेत मात्र रॉइस एका रात्रीत तीनदा लढला होता, तेव्हा ही कल्पना अगदीच हवेतली नाही. काळ चुकलाय इतकंच. खांदा निखळलेल्या स्पर्धकाला पुढच्या राउंडला उभं राहू देणं मात्र कुठल्याच काळात पटणारं नाही. न्यू जर्सीचा डॉक्टर राउंडच्या मध्यंतरात आत आला असता, हात बघितला असता आणि सामना संपवला असता. इतकी वर्षं रिंगणाबाहेर असलेला मास्तर काही आठवड्यांच्या सरावाने जगातल्या अव्वल लोकांना हरवतो, तेही परीकथाच. मला पहिल्या आणि तिसऱ्या सवलतीचं काही वाटत नाही. खांद्याचं खटकतं. पण तिथे डॉक्टर आला असता तर टॅप आलाच नसता, हेही खरं, त्यामुळे रागावूनही उपयोग नाही.

चित्रपट चार्ल्स ‘मास्क’ लुइस यांना अर्पण केलाय. ‘टॅपआउट’ या नावाने या खेळाचे कपडे विकणारी कंपनी उभारणाऱ्यांपैकी ते एक. २००९मध्ये गाडीच्या अपघातात गेले. स्पर्धेच्या आयोजकाची छोटी भूमिका दिग्दर्शक ओकॉनरने स्वतःच केली. तिकीटबारीवर चित्रपट पडला, खर्चाइतकाही गल्ला जमला नाही. नाव झालं ते नंतर, घरोघरी पाहिला गेल्यावर.

आणि ‘ब्रदर्स’

करण मल्होत्रा यांचा ‘ब्रदर्स’ १४ ऑगस्ट २०१५ला आला. रीतसर हक्क घेऊन केलेला रिमेक. गोष्ट मुंबईतल्या ख्रिश्चन कुटुंबात आणलेली, थोरला डेव्हिड (अक्षय कुमार) इथेही भौतिकशास्त्राचा शिक्षक, धाकटा माँटी (सिद्धार्थ मल्होत्रा), बाप गॅरी (जॅकी श्रॉफ). अक्षय कुमार स्वतः मार्शल आर्ट्स शिकलेला, त्यामुळे त्याच्या अंगाच्या हालचालींत खोट काढता येत नाही.

मोठा फरक भूतकाळाचा आहे. ‘वॉरियर’मध्ये मुलांचं बालपण, बापाची दारू, आईचं आजारपण यातलं काहीही फ्लॅशबॅकने दाखवलेलं नाही. सगळं तुटक वाक्यांतून, किनाऱ्यावरच्या एका कडू संभाषणातून, बापाच्या दारात उभ्या मुलाच्या चेहऱ्यावरून कळतं. त्यामुळे पिंजऱ्यात जायच्या वेळी प्रेक्षकाकडे भरपूर न बोललेलं साठलेलं असतं. ‘ब्रदर्स’ घरातली ती रात्र, बापाच्या हातून झालेला आईचा मृत्यू, शेफाली शाहचा आक्रोश, सगळं सविस्तर दाखवतो. तो भाग वाईट नाही. शेफाली शाह आणि जॅकी श्रॉफ यांनी तो जीव ओतून केलाय. पण रडून झालेलं असतं. मग लढतीला सांगण्यासारखं थोडंच उरतं, आणि ती भरून काढायला संथ गती, वाढलेला आवाज आणि भराभर तुकडे लागतात. तुकड्यांत पकड दिसत नाही. हात कुठे अडकला, कोणी कधी सोडलं, हे डोळ्याला लागायच्या आत दृश्य बदलतं.

दोन्ही पाहायचे असतील तर आधी ‘ब्रदर्स’ पाहा. आणि ‘वॉरियर’ पाहताना अंतिम सामन्यात टॉमीच्या चेहऱ्याऐवजी एकदा त्याच्या उजव्या-डाव्या हातांकडे लक्ष ठेवा. कुठला चालतो, कुठला लोंबतो आणि शेवटी कुठला वर येतो.